उतारा मिनिटात, हद्द मात्र मिळेना

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांत त्याने पिकं तर नेलीच, पण नदीकाठच्या कित्येक शेतांची मातीही नेली. बांध गेले, बांधावरच्या बाभळी गेल्या, हद्दीचे दगड वाहून गेले नाही तर गाळाखाली गाडले गेले. शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. पैसा हातात आला की माती भरता येईल. पण ती भरायची कुठवर? आपला गट कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे दाखवणारी खूणच रानात उरली नाही. त्याच शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आहे, पंधरा रुपयांत घरबसल्या काढलेला. त्यावर क्षेत्र आहे, आकार म्हणजे शेतसारा आहे, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. ती जमीन नेमकी कुठे आहे, हे मात्र त्यावर नाही. ते सातबाऱ्यावर कधीच नसतं.

जमिनीच्या नोंदी ऑनलाइन झाल्या असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात उतारा मिळवण्याचं काम ऑनलाइन झालेलं असतं. ही सोय मोठी आहे, तिच्याबद्दल पुढे बोलतोच. पण जमिनीचा भरवसा उताऱ्यावर उभा नाही. तो दस्त म्हणजे खरेदीचा नोंदलेला कागद, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, आणि नकाशा या तिघांच्या मेळावर उभा आहे. हे तिन्ही तीन वेगळ्या कार्यालयांत, तीन वेगळ्या संगणक प्रणालींत राहतात आणि एकमेकांशी पुरेसं बोलत नाहीत. म्हणून यापुढचा सरकारी पैसा आणि जोर उतारा आणखी लवकर देण्यावर खर्च न करता, या तिघांना एकत्र बांधण्यावर आणि ज्याच्या हक्काला धक्का लागणार आहे त्याला ते आधी कळवण्यावर खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बार्शीला किंवा पंढरपूरला कोणी चार एकर रान खरेदी करतो, तेव्हा काय घडतं ते पाहू. दस्तलेखकाकडून खरेदीखत तयार होतं, मुद्रांक शुल्क भरलं जातं, दुय्यम निबंधकासमोर अंगठे आणि फोटो होतात, सूची दोनची, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत हातात पडते. घेणाऱ्याला वाटतं, सरकारने शिक्का मारला म्हणजे जमीन माझी झाली. पण १९०८ च्या नोंदणी कायद्याचं काम दस्ताची नोंद ठेवणं एवढंच आहे. विकणारा खरा मालक आहे का, ती जमीन त्याने आधीच कोणाला दिली आहे का, याचा निवाडा दुय्यम निबंधक करत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं, की विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही. मग मालकी कोण सांगतं? सातबारा सांगतो असं आपण गावात समजतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५७ वं कलम मात्र एवढंच म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. आणि जागेवर ते चार एकर कुठून कुठपर्यंत आहेत, हे फक्त भूमि अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा सांगू शकतो. बहुतेक खरेद्यांमध्ये तो नकाशा कोणी मागतच नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या जातात : पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस याच गटातील उर्वरित क्षेत्र. ‘उर्वरित क्षेत्र’ या दोन शब्दांवर आपल्या दिवाणी न्यायालयांत पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

जे झालं ते कमी नाही, हे मनापासून सांगायला हवं. ज्यांनी हस्तलिखित सातबाऱ्याचे दिवस पाहिले आहेत, त्यांना उतारा किती महाग होता हे वेगळं सांगायला नको. पैशाने नव्हे, हेलपाट्यांनी महाग. तलाठी आज या गावात, उद्या तहसीलला, परवा निवडणुकीच्या कामावर. दप्तर त्याच्या बरोबर. एखाद्या रकान्यात नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं असे आणि ते कधी झालं, हे कोणालाच कळत नसे. संगणकीकरण करताना गावोगाव चावडी वाचन झालं, लोकांसमोर नोंदी वाचून दाखवल्या गेल्या, चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. काही राहूनही गेल्या. ई-फेरफार आल्यापासून दस्त नोंदला की त्याची माहिती तहसीलला जाते आणि फेरफाराची नोटीस निघते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या रानात काय उभं आहे हे शेतकऱ्याने स्वतः नोंदवायला सुरुवात केली. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्याचं काम हाती घेतलं गेलं. ज्या जिल्ह्यातली निम्मी तरणी पोरं पुण्याला कामाला आहेत आणि रान अजून आजोबांच्याच नावावर आहे, तिथे या मोहिमेचं मोल मोठं आहे. हे सगळं करणाऱ्या महसूल कर्मचाऱ्यांचे कष्टही मोठे आहेत. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण सजा, म्हणजे त्यांच्याकडचा गावांचा गट, तेवढाच आणि गावं तेवढीच.

पण यातलं एकही काम नकाशाला हात लावत नाही. आणि नकाशाचा इतिहास पाहिला तर तिथेच खरं दुखणं सापडतं.

इंग्रजांच्या काळात दख्खनची पहिली मोजणी पुरती फसली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने काम सुरू केलं, आणि लगोलग ती पद्धत सोलापूरच्या तालुक्यांत आली. म्हणजे आज ज्याला आपण भूमापन म्हणतो, त्याच्या अगदी पहिल्या प्रदेशांत आपला जिल्हा आहे. ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी घेऊन माणसं प्रत्येक शेतात उतरली. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. टिपणं म्हणजे मोजमापाच्या नोंदी झाल्या, हद्दीचे दगड रोवले गेले. ते काम करवसुलीसाठी होतं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी नव्हे. तरी ते शेतात उभं राहून झालं होतं, म्हणून इतकं टिकलं.

मग १९४७ चा तुकडेजोड कायदा आला आणि पुढच्या दशकांत गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. विखुरलेले तुकडे एकत्र आणायचे, हा हेतू चांगला होता. पण कित्येक गावांत अदलाबदल कागदावरच झाली आणि वहिवाट जुन्याच जागी राहिली. सातबारा म्हणतो जमीन ओढ्याच्या अलीकडे, माणूस कसतोय ओढ्याच्या पलीकडे, आणि त्याचा शेजारी बरोबर उलट. शासनाला हे ठाऊक आहे. २०२३ मध्ये आणलेली सलोखा योजना नेमकी यासाठीच आहे : बारा वर्षांपासून एकमेकांची जमीन कसत असलेल्या दोन शेतकऱ्यांनी राजीखुशीने अदलाबदल केली, तर मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. योजना फार चांगली आहे. पण ती असावी लागते यातच कबुली आहे, की सरकारच्या नोंदी आणि रानातली वस्तुस्थिती यांत फार मोठी दरी आहे. आणि संगणकीकरण करताना आपण या दरीसकट नोंदी उचलून संगणकात ठेवल्या. चुकीची नोंद आता स्वच्छ अक्षरात, डिजिटल स्वाक्षरीसह, राजमुद्रेखाली छापून येते. त्यामुळे ती जास्त खरी वाटते. हा धोका जुन्या खाडाखोडीच्या उताऱ्यात नव्हता.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या लोकांची सोयरीक सीमेपलीकडे, इंडी, अफझलपूर, आळंद भागात असते. काहींची जमीनही तिकडे आहे. त्यांना विचारा. कर्नाटकाने २००० च्या आसपास ‘भूमी’ प्रणाली आणली आणि जमिनीच्या नोंदींचं संगणकीकरण आपल्याआधी पूर्ण केलं. पण आपण शिकावं असं मला वाटतं ते दुसरं आहे. तिकडे सर्व्हे नंबरातला काही भाग विकायचा असेल, तर आधी त्या भागाची मोजणी करून नकाशा घ्यावा लागतो. ‘अकरा ई’ नकाशा म्हणतात त्याला. तो जोडल्याशिवाय खरेदी नोंदली जात नाही, आणि नोंदली की माहिती नोंदणी कार्यालयातून थेट महसुलाकडे जाते. मोजणीची गर्दी होणार हे ओळखून त्यांनी परवानाधारक खासगी भूमापकही नेमले. तिकडेही नकाशाला वेळ लागतो, तक्रारी आहेत, दलाल आहेत. पण क्रम बरोबर आहे : आधी मोजणी, मग खरेदी, मग फेरफार. आपल्याकडे खरेदी पहिली, फेरफार दुसरा आणि मोजणी भांडण झाल्यावर. ती मोजणी मागायची म्हणजे फी भरायची, तारीख घ्यायची, आणि तारखेला शेजारी हजर नाही म्हणून पुढची तारीख घ्यायची.

यावर लगेच आक्षेप येतो, की यामुळे व्यवहार अडतील. दवाखान्यासाठी, पोरीच्या लग्नासाठी घाईने एकर-दोन एकर विकणाऱ्याचं काय? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. घाईत असलेल्या माणसाला मोजणीसाठी तीन महिने थांबवलं, तर तो सावकाराच्या दारात जाईल किंवा नोटरीच्या कागदावर जमीन देऊन मोकळा होईल. म्हणून हा नियम करण्याआधी मोजणीची क्षमता उभी करावी लागेल. उपग्रहावरून जागा टिपणारी रोव्हर यंत्रं आता भूमि अभिलेखकडे आली आहेत. जिथे पूर्वी साखळी आणि टेबल घेऊन दिवस जाई, तिथे आता काही तासांत काम होतं. अडतं ते माणसांपाशी. यंत्र चालवणारा, जुनं टिपण वाचता येणारा, आणि दोन भावांच्या मध्ये उभा राहून शांतपणे खूण दाखवणारा भूकरमापक प्रत्येक तालुक्यात पुरेसा हवा. परवानाधारक भूमापकांना काम द्यायचं असेल तर जरूर द्यावं, पण त्यांच्या नकाशावर सरकारी अधिकाऱ्याची तपासणी आणि सही असावी, आणि फी ठरलेली असावी. दुसरी गोष्ट, हे परिपत्रकाने होणार नाही. कायद्याने ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या खरेद्या रोखण्यासाठी राज्यात २०२१ मध्ये परिपत्रक निघालं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. विधिमंडळाने रीतसर कायदाच करायला हवा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे ती सांगतो. नोटीस.

संहितेच्या १५० व्या कलमाप्रमाणे फेरफार धरला की त्याची प्रत चावडीत लावायची, नोंदीवरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवायचं, आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. हरकतीला पंधरा दिवस. आता विचार करा, मोहोळ तालुक्यातली मुलगी लग्न होऊन कलबुर्गीला गेली. वडील वारले. वारस नोंदीच्या अर्जात भावांनी आईचं आणि स्वतःचं नाव दिलं. मुलीचं नाव अर्जात नाही आणि जुन्या सातबाऱ्यावरही नाही, कारण तिथे वडिलांचंच होतं. तिला नोटीस जाणार तरी कशी? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. चावडीच्या भिंतीवरच्या एका कागदाने तो पंधरा दिवसांत बाजूला सारता येतो. माझ्या नात्यातल्या एका बहिणीच्या बाबतीत हे झालं. पुढे रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला वाटायची वेळ आली, तेव्हा तिला कळलं. मग अपील, मग विलंब माफीचा अर्ज, मग भावाशी बोलणं बंद. नातं आणि हक्क दोन्ही एकाच वेळी जाताना मी पाहिलं आहे.

पालखी मार्ग झाला, सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी झाली, तुळजापूरच्या रेल्वेमार्गाला जमिनी लागल्या, शक्तिपीठ महामार्गाचा वाद पेटला. आपल्या जिल्ह्यात जमिनीला एकाएकी पैसा येण्याचे प्रसंग आता वारंवार येतात, आणि पैसा त्यालाच मिळतो ज्याचं नाव त्या दिवशी सातबाऱ्यावर असतं.

डिजिटल साधनं इथे खरी उपयोगी पडू शकतात. आज फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर दिसतात, पण त्या पाहायच्या तर आपण होऊन जिल्हा, तालुका, गाव निवडून रोज शोधायचं. कोण शोधणार? याच्या उलट करता येईल. कोणालाही कोणत्याही गट क्रमांकावर आपला मोबाईल नंबर नोंदवता यावा, आणि त्या गटावर दस्त नोंदला, वारसाचा अर्ज आला, बोजा चढला किंवा दुरुस्तीचा आदेश झाला, की त्याच दिवशी त्या नंबरवर मराठीत संदेश जावा. आपल्या जिल्ह्यात कन्नड आणि तेलुगू घरात बोलणारी हजारो कुटुंबं आहेत, म्हणून त्या भाषांतही. बँका पाच रुपये खात्यातून गेले तरी संदेश पाठवतात. पाच एकर जाताना शासनाने पाठवू नये? पुढे कलबुर्गीची मुलगी, पुण्याच्या कारखान्यातला धाकटा भाऊ, सोलापुरात भाड्याने राहणारी म्हातारी चुलती, सगळ्यांना हरकतीची वेळ मिळेल. वारस अर्जात नमूद प्रत्येक वारसाची संमती त्याच्या स्वतःच्या फोनवरून घ्यावी. आणि हक्कसोड पत्र नोंदवताना बहिणीला एकटीला बसवून, ती किती क्षेत्रावरचा हक्क सोडते आहे आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, त्याची किंमत काय, हे मोठ्याने वाचून दाखवावं. त्यासाठी तर संगणकही लागत नाही.

ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा आहे पण तो नातवाच्या हातात असतो, त्यांच्यासाठी चावडी वाचन परत सुरू करावं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ग्रामपंचायतीसमोर, त्या महिन्यात धरलेल्या सगळ्या नोंदी वाचायच्या. सगळं काही पडद्यावर आहे म्हणून सगळ्यांना माहीत आहे, असं समजणं हा गरिबावर अन्याय आहे. आज महा ई-सेवा केंद्रावर रांग लावून उभा असलेला माणूस आणि पूर्वी तलाठ्याच्या दारात बसलेला माणूस एकच आहे. सर्व्हर बंद असला की तो तसाच परत जातो.

शहराबद्दल थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही. १९९२ च्या हद्दवाढीनंतर सोलापूर भोवतालच्या गावांच्या रानात पसरलं. यंत्रमाग कामगार, विडी कामगार बायका, हमाल, यांनी एक-दीड गुंठा घेतला, पोटाला चिमटा काढून. बऱ्याच जणांकडे शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचा, नोटरी केलेला कागद आहे, कारण तुकडेबंदीमुळे खरेदी अनेकदा नोंदली जात नव्हती. काहींची नावं सामायिक सातबाऱ्यावर लागली आहेत : एका गटावर रांगेने नावं, प्रत्येकासमोर एक आर (म्हणजे जवळपास एक गुंठा), दीड आर. गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या असल्या वसाहतींसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, आणि २०२५ मध्ये शासनाने शहरालगतच्या असल्या जुन्या व्यवहारांना नियमित करण्याचा रस्ता काढला. हा दिलासा मोठा आहे. पण नाव लागलं तरी त्या गटातला तुमचा दीड गुंठा कोणता, हा प्रश्न तसाच राहतो. घर बांधायला कर्ज मागितलं की बँक हेच विचारते. गावठाणांच्या मोजणीसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवले गेले आणि गावातल्या घरांना मिळकत पत्रिका, म्हणजे घरजागेच्या हक्काचे कागद, मिळाल्या. गुंठेवारीच्या वसाहती गावठाणात मोडत नाहीत, म्हणून त्या योजनेबाहेर राहिल्या. सोलापुरात हद्दवाढ भागासाठी तशीच मोहीम महापालिका आणि भूमि अभिलेख यांनी मिळून घ्यावी. ड्रोनने छायाचित्र, जागेवर प्रत्येक घरधनी हजर, हरकती ऐकून अंतिम नकाशा, आणि मग प्रत्येकाला वेगळी मिळकत पत्रिका, नवरा-बायको दोघांच्या नावाने. ज्या बाईने विड्या वळून त्या जागेचे हप्ते फेडले, तिचं नाव त्या कागदावर असलं पाहिजे.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. महसूल संहितेचं १५५ वं कलम लेखनातल्या चुका आणि संबंधितांनी कबूल केलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. त्याच्या आडून कधी कधी हक्कच फिरवले जातात, ही तक्रार नवी नाही. हातात उतारा घेतलेल्या माणसाला कळत नाही, की हे क्षेत्र ८१ आरचं ७१ आर कधी झालं आणि कोणाच्या आदेशाने. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक आजही छापलेला असतो. त्या क्रमांकावर बोट ठेवलं की तो फेरफार, त्यामागचा दस्त किंवा आदेश, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि तारीख, आणि कोणाला कधी नोटीस दिली त्याची पोच, एवढं सगळं उघडलं पाहिजे, खातेदाराला फुकट. यासाठी विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही. ही माहिती बव्हंशी कार्यालयांत आहेच, ती त्या क्रमांकाला जोडायची तेवढी बाकी आहे. जिथे पोच सापडणार नाही तिथे ‘पोच नाही’ असं स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणजे अपिलात जाणाऱ्याला पहिला पुरावा सरकारच्याच नोंदीतून मिळेल.